पट्टीचं दुसरं टोक

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. काल जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू, म्हणून मशीन बंद करून लिहायला बसले आहे.

पुलाजवळच्या जुन्या पंपघरात दर रविवारी नाच सुरू झालाय, हे तुला कळवलं होतंच. दंगलीनंतर पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे एका खोलीत यावेत म्हणून एका बाईंनी तो चालवलाय. ह्यांना मी अक्षरशः ढकलून नेते. सव्वा वर्ष खोलीच्या बाहेर न पडलेला माणूस, पण पहिल्या दोन रविवारी भिंतीला धरून का होईना चालले, आणि घरी येऊन चक्क दोनदा जेवायला वाढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

लोकांना एकमेकांचा हात धरवत नाही. म्हणून बाईंनी युक्ती काढली की दोघांच्या मध्ये कापडाची पट्टी धरायची. सुरुवातीला हातभर, मग दर रविवारी चार बोटं कमी. शेवटच्या रविवारी पट्टी नाही, नुसता हात. मी शिवणकामवाली, तेव्हा पट्ट्या करणं आणि कापणं माझ्याकडे. काल गोलात कोण कुठे उभं राहणार त्याच्या चिठ्ठ्या काढल्या. आता जागा शेवटपर्यंत बदलायच्या नाहीत. ह्यांच्या डाव्या बाजूला मी. उजव्या बाजूला कोण आलं असेल? पुलापलीकडचा किल्लीवाला.

ताई, तोच गं. दंगलीच्या दिवशी हे शिडीवर पाटी रंगवत होते, जमावाने शिडी ओढली, रंगाचा डबा ह्यांच्या तोंडावर सांडला, डोळ्यांत रंग गेला म्हणून ह्यांना काही दिसलं नाही. पण मी वरच्या खिडकीतून पाहिलं. लोखंडी पाना घेऊन ह्यांचा उजवा हात ठेचणारा हाच. तुला सांगितलं, दुसऱ्या कोणाला नाही. आणि काल तोच उजवा हात त्याच्या पट्टीचं टोक धरून गोल फिरत होता. माझी पावलं कुठे पडतात ते मला कळेना. ह्यांना कळलं तर? पुन्हा खोलीत जाऊन बसले तर मी त्यांना दुसऱ्यांदा बाहेर काढू शकणार नाही. काय करू ते लवकर लिही.

तुझ्या मायेवरच मी उभी आहे, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
बारकी


१० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि चहा गार झाला. तुझ्या नाचबाईंना चिठ्ठ्या काढायला दुसरी वेळ मिळाली नाही का? असो.

माझं ऐक. गप्प बस. बत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत मी. टाके ओले असताना जखम उघडून बघायची नसते. पेंटरसाहेब जेवताहेत, चालताहेत, तेवढं पुरे. त्यांना कळायचं तेव्हा कळेल. एखाद्या रविवारी सर्दी झाली म्हणून घरी ठेव, जागा आपोआप बदलेल. तू मात्र रात्रंदिवस विचार करून वाळू नकोस. आधीच तुझ्या अंगावर दोन शेर मांस नाही.

मेहुण्यांना सांग, वाढदिवसाला मला त्यांच्या हातचं पत्र हवं. दर वर्षी वेलबुट्टी काढून पाठवायचे, ते काही मी विसरले नाही. आणि तू माझ्यावरचा जीव आहे तेवढाच ठेव, जास्त लावलास तर रडत बसशील.
तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सर्दीचं सोंग चाललं नाही. हे म्हणाले, मला काही झालेलं नाही, चल. आणि माझ्या आधी चपला घालून दारात उभे! आनंद मानू की घाबरू, तूच सांग.

गेल्या आठवड्यात त्यांनी रंगाचा एक डबा उघडून हुंगला आणि परत बंद केला. पंपघरात एक म्हातारी शिक्षिका येते, तिच्याशी हसून बोलतात. किल्लीवाला कोणाशी बोलत नाही. नजर कायम जमिनीवर. त्याने ह्यांना ओळखलं असणार, अशी माझी खात्रीच आहे. ह्यांनी काल त्याला विचारलं की आमच्या कपाटाचं कुलूप अडकतं, बघशील का. तो नुसती मान हलवून बाहेर निघून गेला. 

आता एक कबूल करते, ओरडू नकोस. सगळ्या पट्ट्या कापते, पण ह्या दोघांच्या मधली मी कापलेली नाही. कात्री लावायला घेतली की हात थांबतो. कापलं की संपलं ना गं. म्हणून जास्तीचं कापड आत दुमडून कच्चा टाका मारते. बाहेरून बाकीच्यांएवढीच दिसते. उद्या ह्यांना कळलं आणि लांब व्हावंसं वाटलं, तर टाका ओढला की पट्टी पुन्हा हातभर. जाड का लागते असं ह्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, अस्तर लावलंय. लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं खोटं कधी बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी बाई नवीन पाऊल शिकवणार आहेत. माझ्यासाठी मनात जागा आहे तेवढी राहू दे.
तुझी,
बारकी


६ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. हे पडले.

नवीन पाऊल म्हणजे सगळ्यांनी एकदम मागे झुकायचं. शेजाऱ्याने पट्टी ताणून धरली की तोल राहतो. मला वेळेवर समजलंच नाही बघ. बाईंनी आकडे मोजले, सगळे झुकले, आणि माझा कच्चा टाका उसवला. पट्टी एकदम लांब झाली. हे मागच्या मागे गेले आणि उजव्या कोपरावर आदळले. किल्लीवाल्याने आपलं टोक सोडलं नाही. तो फरफटत गुडघ्यांवर आला, पण सोडलं नाही, म्हणून ह्यांचं डोकं फरशीवर आपटलं नाही. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, नुसती सूज आहे.

घरी आल्यावर ह्यांनी पट्टी टेबलावर पसरली. उसवलेल्या दोऱ्यावरून बोट फिरवत म्हणाले, हा टाका तुझा आहे आणि तुझा टाका चुकून उसवत नाही, काय ते सांग. मला खोटं सुचलंच नाही. खिडकी, पाना, सगळं सांगितलं. हे उठले, खोलीत गेले, कडी लावली. कालपासून ताट दाराशी ठेवते आणि तसंच उचलते. मीच पाडलं गं त्यांना. पाना त्याचा होता, पण काल मीच पाडलं.
बारकी


९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

रडणं पुरे. गप्प बस म्हणणारी मी होते, तेव्हा अर्धा दोष माझ्या नावावर घे. ओल्या टाक्यांची उदाहरणं देत बसले मी शहाणी! दुखणं ज्याचं त्याला आधी सांगायचं असतं, एवढं बत्तीस वर्षांत शिकायला हवं होतं.

१८ तारखेच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर दाराशी ताट ठेवत राहा आणि दारातूनच सांग की चूक झाली. एकदाच सांग, घोकू नकोस. मला फार काळजी वाटते आहे, ती काही मी लपवत नाही. माझा जीव तुमच्यात आहे हे धरून चाला.
तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून हसू नका. उजव्या हाताने लिहितोय. चार ओळींना अर्धा तास लागला. वेलबुट्टी पुढच्या वर्षी.

बारकीशी चार दिवस बोललो नाही. त्या किल्लीवाल्यापेक्षा मला तिचाच राग जास्त आला होता, खोटं कशाला सांगू. त्याने एकदा मारलं. हिने सव्वा वर्ष मला काचेच्या भांड्यासारखं जपलं. पाचव्या दिवशी दार उघडून तिला तेच सांगितलं. मग दोघंही जेवलो.

काल तिला न सांगता तासभर आधी पंपघरात गेलो. तो एकटाच खुर्च्या हलवत होता. मी विचारलं, तूच ना? हो म्हणाला. पहिल्या दिवसापासून ओळखत होता. जागा बदलून द्या म्हणून बाईंच्या मागे लागला होता, त्यांनी ऐकलं नाही. का मारलंस विचारलं. सगळे मारत होते म्हणून मारलं, म्हणाला. दुसरं काही कारण नाही. मी दोन रात्री मोठमोठी कारणं रचत बसलो होतो, आणि हे एवढंच.  निघून यावंसं वाटलं. पडताना टोक का सोडलं नाहीस, असंही विचारलं. तो रडायला लागला. मी त्याला समजावलं नाही.

माफ केलेलं नाही. त्यालाही तसंच सांगितलं. पण ती हातभर पट्टी मी खिशातून घेऊन गेलो होतो, आणि बारकीची मोठी कात्रीही. चार बोटं ठेवून बाकीची कापली. माझ्या उजव्या हाताने, ताई. कड वाकडीतिकडी आली. बारकी आल्यावर ती बघून दुमडून देते म्हणाली, मी हात लावू दिला नाही. येत्या रविवारी बाकीचे नुसते हात धरतील. आमची चार बोटं राहणार. किती रविवार, ते मला माहीत नाही.

काल मागे झुकायचं पाऊल पुन्हा घेतलं. फार भीती वाटली. झुकलो.

तुमचा आमच्यावर लोभ आहे, त्यात हात आखडता घेऊ नये ही विनंती.
आपला,
पेंटरसाहेब

ता. क. शनिवारी येताच आहात, तर रविवारी तुम्हालाही गोलात उभं करणार, गुडघे दुखतात वगैरे ऐकणार नाही. बारकीच्या पलीकडे उभ्या राहा. माझ्या उजवीकडची जागा भरलेली आहे.