माझ्या टोमॅटोवर पाळत ठेवणारा कोण?

श्री. गोकुळराव, आहुपे, यांस डिंगोऱ्याहून आपल्या दाजींचा, म्हणजे गेणभाऊचा, मनापासून रामराम. वहिनींची कंबर आणि तुमच्या म्हशीचा पाय सुधारला असेल अशी आशा करतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर माझा भरवसा राहिलेला नाही. पत्र तुमची बहीण स्वतः घेऊन येते आहे. (बायडाला यातलं काही ठाऊक नाही. आमच्या लेकीने, संस्कृतीने, आईला जुना फोन दिलाय खरा, पण त्यावर ती बिचारी पापडाचे व्हिडिओ बघते, एवढंच.)

आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी कृषी सहायक उज्ज्वला मॅडमनी जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय, त्यात तुम्हीही आहात. (तुम्हाला देवराईच्या कडेला रेंज येते म्हणे.) पानाचा फोटो टाका, मी रोग सांगते, असं मॅडम म्हणतात आणि एक पैसा घेत नाहीत. मला तिथेच शंका आली. वाटलं, औषध कंपनीचं माणूस असणार. पण बाई निम्म्या लोकांना औषध मारूच नका म्हणून सांगतात. मग तर खात्रीच पटली, की मामला साधा नाही.

अशात माझ्या टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके आले. यंदाचं आमचं सगळं त्या प्लॉटवर आहे, त्यामुळे माझी झोप उडाली. पण फोटो टाकायचा म्हणजे गेणभाऊचा प्लॉट गेला, असं व्यापाऱ्यांना आपणच कळवायचं. तेव्हा आधी मॅडमची परीक्षा घ्यावी म्हणून शेजारच्या दिलावरभाईंच्या रानातलं वांग्याचं पान तोडलं आणि माझा टोमॅटो म्हणून टाकून दिलं. मॅडमनी सगळ्यांदेखत लिहिलं, "गेणभाऊ, हे वांगं आहे." खाली दिलावरभाईंनी लिहिलं, "आणि ते माझं आहे." मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला.

पुढची गोष्ट गंभीर आहे. नंतर एकदा दिलावरभाईंनी हसत हसत त्यांच्या फोनवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा बिननावाच्या नंबरवरून ग्रुपवर आलेला. टोमॅटोचं ठिपक्यांचं पान, आणि मागे निळ्या सुतळीने बांधलेले बांबू. गोकुळराव, अख्ख्या शिवारात निळी सुतळी मी एकटा वापरतो! पान ठेवलं होतं जांभळ्या कापडावर. असलं कापड कुठेतरी पाहिलंय, पण कुठे ते आठवत नाही. मॅडमचं उत्तर वाचायच्या आत भाईंनी फोन खिशात घातला, आणि वाचू द्या म्हणायला माझी जीभ रेटेना.

तेव्हापासून मी बांधावर राखणीला बसतो. भाकरी घेऊन येणाऱ्या बायडाशिवाय चिटपाखरू फिरकत नाही. तरी खालची ठिपक्यांची पानं नाहीशी होऊ लागली. चांगली पानं सोडून सडकी चोरणारा चोर मी जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळी पाणी द्यावं तर बायडा म्हणते, सकाळीच देऊन झालं. आता प्लॉट पुन्हा हिरवागार उभा आहे आणि मला घोर लागलाय. जो माणूस गुपचूप दुसऱ्याचं पीक बरं करतो, त्याचा डोळा जमिनीवरच असणार. तुम्ही जपून असा.

आपला,
गेणभाऊ

ता. क. परवा मॅडम बांधावर आल्या होत्या. (पत्ता कोणी दिला, देव जाणे.) रोगातून वाचलेला प्लॉट म्हणून गुरुवारी माझा व्हिडिओ काढणार आहेत. मी हो म्हणून बसलोय.

ता. क. चा ता. क. तर त्या नंबरला मॅडमनी काय उपाय सांगितला, तो देवराईपाशी जाऊन तेवढा वाचा आणि बायडाबरोबर लिहून पाठवा. मी प्लॉट कसा वाचवला, ते मला गुरुवारच्या आत कळायला हवं.

दादा, मी बायडा. पत्र यष्टीत वाचलं. जांभळं लुगडं तू भाऊबिजेला दिलेलं तेच हाय. पानं मीच काढली, हे बांधावर घोरत व्हते. काय काय केलं ते मी तुला सांगते, तू तुझ्या अक्षरात लिहून दे. व्हिडिओत ह्यांनाच बोलू दे, लई दिसांनी ह्यांना रातची झोप लागतीया. फकस्त एवढं लिही, की मागं बायडाला उभी करा. लुगडं कोणतं नेसायचं ते माझं मी बघते.