‘आला’ अशी नोंद

वहिनी,

दादा जहाजावरून समुद्रात पडला, असं कंपनीने तुम्हाला कळवलंय. दादा त्या दिवशी जहाजावर चढलाच नव्हता.

बंदरात फिरायला उतरलेले परत आले की त्यांची नोंद मीच करतो. दादाला याआधी दोनदा उशीर झाला होता, तिसऱ्यांदा झाला असता तर नोकरी गेली असती. म्हणून त्याच्या नावापुढे मी आधीच ‘आला’ लिहिलं. म्हटलं, येईलच धापा टाकत, मलाच शिव्या घालत. शिडी उचलली, तरी आला नाही. मी ती नोंद तशीच ठेवली.

दोन दिवस सगळ्यांनी समुद्र धुंडाळला. त्या बंदराच्या गावात त्याला कुणीच शोधलं नाही.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, “भावजी, ह्यांच्याजवळ निदान तुम्ही तरी होतात.”

मी ‘हो’ म्हटलं. आता हे पत्र कुठल्या तोंडाने टाकू?

तुमचा,
धाकटा दीर