चारही खाचा भरल्या

ओर्वोक्की,

इतिहास साक्षी आहे, रिकाम्या जागेत परक्यानं पाय ठेवला की मोठमोठी राज्यं बुडतात. मी तुझ्या कॉम्प्युटरबद्दल बोलतोय.

शेजारचा इल्पो तुला म्हणाला, "रॅमच्या सोळा जीबीच्या दोनच पट्ट्या घे, दोन खाचा मोकळ्या ठेव. पुढे लागलं तर मी आहेच की बसवायला." लगेच तू त्याच्यापुढे वेलदोड्याचा गरम पाव ठेवलास. चाळीस वर्षं या घरातले दिवे मी बदलतोय, मला कायम कालचाच मिळाला.

म्हणून मी आठ-आठच्या चार पट्ट्या आणल्या. बेरीज तीच, बत्तीस. चारही खाचा भरल्या. आता पुढे काही लागलं, तरी बसवायला जागाच नाही.

फक्त तेव्हापासून पडदा काळा आहे. चौथी पट्टी तिरकी बसली असावी, दाबायला हात धजत नाही. तुमच्या गायनवृंदाची सगळी गाणी त्यातच आहेत आणि कार्यक्रम उद्या आहे, हे मला ठाऊक आहे. मी तळ्यावरच्या घरी वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवायला जातोय.

इल्पोला बोलाव. पण कॉम्प्युटरचा डबा तू उघडला होतास, असं सांग.

रेइनो