पेट्रोलची जीप मधुकररावांस

मी, गुलाब तेजराम लांजेवार, वय तेवीस, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा, धंदा (वडील म्हणतात 'काही नाही', म्हणून तेच लिहितो), आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. काळजाची झडप शाबूत नाही, पण कायद्याला बुद्धी लागते, झडप लागत नाही. मी दारू घेतलेली नाही. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी गोड बोलून वळवलेलेही नाही. गोड बोलण्याची आमच्या घरात चाल नाही. मी रागात आहे हे खरे. राग म्हणजे वेड नव्हे, हे वाचणाऱ्या वकिलाने ध्यानात घ्यावे.

येत्या सोमवारी मला वेल्लोरला नेणार आहेत. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याने झडप खराब केली, ती आता छाती उघडून दुरुस्त करायची. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "बहुतेक लोक चालत परत येतात." त्या 'बहुतेक'साठी हा कागद आहे.

कलम एक. यापूर्वी, पोळ्याच्या सुमारास, मी एक मृत्युपत्र लिहिले होते. त्यात माझे होते नव्हते ते सगळे एकाच माणसाच्या नावाने होते. ते मी रद्द करीत आहे. ते चुलीत घातलेच आहे, तरी कायद्याला लेखी लागते म्हणून लिहिले. तो माणूस कोण आणि रद्द का केले, ते पुढे येईल.

कलम दोन. लाखांदूरजवळची धानाची शेती. आईचे वडील जाताना ती माझ्या नावाने करून गेले. त्यातली अर्धी विकून मी जीप घेतली. उरलेली अर्धी माझी आई कौशल्याबाई हिला मिळावी. माझ्या वडिलांनी त्या शेतातले तणससुद्धा तिला विचारल्याशिवाय उचलू नये. या घरात तिला आजवर एकच प्रश्न विचारला गेला आहे, तो म्हणजे भाजीत मीठ काहून कमी. जरा दुसरेही विचारून पाहावे.

कलम तीन. वडील तेजराम यांना माझे मनगटी घड्याळ. त्यांचे मँगनीजचे ट्रक चिखल्याच्या खाणीतून किती वाजता निघाले नि रेल्वेच्या सायडिंगवर किती वाजता पोचले, यापलीकडे त्यांनी घरात कधी काही पाहिले नाही. एक घड्याळ जास्त असलेले बरे.

भंडाऱ्याच्या कॉलेजातली माझी बी.कॉम.ची पुस्तके पानठेल्यावर द्यावीत, पुड्या बांधायला. कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडले. घरचे सांगतात, जिना चढताना दम लागायचा म्हणून सोडले. गावातले सांगतात, पोरीच्या पायी सोडले. दोन्ही खरे आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर तीच उभी असायची.

कलम चार. जीप. हे कलम लांब होईल. ज्यांना घाई असेल त्यांनी बाहेर जाऊन बसावे.

गाडी माझ्या नावाने आहे. लांब अंगाची, पत्र्याच्या टपाची, मागे समोरासमोर गादीची बाकं, खिडक्यांना मरून रंगाचे पडदे, कॅसेट वाजवायची मशीन, समोर छोटा फिरता पंखा. तेव्हा तुमसरात अशी दुसरी गाडी नव्हती. भाताच्या गिरणीचे शेठ स्कूटरवर फिरत होते. आम्ही नागपूरला ती घ्यायला गेलो तेव्हा चौघे होतो: मी, वडील, मोठा भाऊ केवळराम आणि मधुकरराव. मधुकरराव म्हणजे चिखल्याच्या खाणीतले हजेरीबाबू, निर्मलाचे वडील. निर्मला म्हणजे जिन्यावरची ती. तिच्यासाठी वडिलांनी माझ्या नावाने शब्द टाकला होता. मधुकररावांच्या घराण्याची रीत अशी की पोरगी द्यायच्या आधी पोराला बैलजोडी घ्यायला पाठवायचे आणि सासऱ्याने बाजारात मागे उभे राहून बघायचे: दात पाहतो की शिंगं, भाव करतो की भुलतो. आम्हाला बैल नको होते, म्हणून ते जीप घ्यायला आले.

शोरूमवाल्याने दोन इंजिनं सांगितली. पेट्रोल आज घेऊन जा. डिझेल महाग, नि त्याला नंबर लावून थांबावे लागेल. दोन्ही चालू करून दाखवली. डिझेलला आधी तापू द्यावे लागले, मग ते असे धडधडले की मधुकररावांचा कप बशीतल्या बशीत फिरला. पेट्रोलचे चालू झाले हे शोरूमवाल्याने सांगितले तेव्हा कळले.

केवळराम म्हणाला, "डिझेल घे. पेट्रोल पाण्यासारखं पिते. चढावर माणसं भरून कशी ओढंल?"

"मले माणसं ओढायची नाहीत."

"मग काय ओढायचं हाये?"

"त्याले हवा ओढायची हाये," वडील म्हणाले. शोरूमवालाही हसला.

मधुकरराव हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "पेट्रोल."

"काहून?"

आता काहून ते इथे लिहितो, कारण तिथे बोललो नाही. तुमसर-भंडारा एसटीत ती समोर, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, इंजिनाच्या झाकणाजवळ बसायची. ओढणी दोन्ही कानांवर दाबून. मैत्रिणीला म्हणाली होती, "हा आवाज माझ्या डोक्यातच जाते." मी मागच्या सीटवर होतो. तेवढ्यावर मी माझ्या आजोबाचे शेत विकले. हे पोरीच्या बापाला कोण सांगेल? मी म्हणालो, "मले आवडते."

"आवडते म्हणून घेते," मधुकरराव वडिलांकडे बघत म्हणाले, "तो आवडत नाही म्हणून विकतेही."

आठ दिवसांनी चिखल्याहून निरोप आला. पेट्रोलवाल्याले पोरगी देऊन तिले पंपावर उभी करू काय? थोरल्यासाठी बोलत असाल तर बसू. वडील बसले. मला कोणी विचारले नाही, आणि केवळरामाने नाही म्हटले नाही. त्या उन्हाळ्यात लग्न झाले. वरात माझ्याच जीपमधून निघाली. ती चालवायला मीच होतो, कारण मालकाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, असा मीच नियम केला होता. मागे मरून पडद्यांत ते दोघे. पडद्याचा रंग मी तिच्या साडीवरून निवडला होता. इंजिन इतके शांत होते की मागे कोण काय बोलले ते सगळे ऐकू आले.

गेल्या हिवाळ्यात मी तपासण्यांसाठी नागपूरच्या दवाखान्यात पडून असताना केवळरामाने माझ्या गाडीचे इंजिन काढले. चिंचेच्या फांदीला चेन-पुली लावून डोमा मिस्त्रीने पेट्रोलचे उचलले आणि जुन्या बाजारातून आणलेले डिझेल त्या जागी बसवले. आरटीओच्या कागदावर माझी सही आहे. मी केलेली नाही. मी एसटीतून उतरून घरी आलो तर अंगणात धडधड. माझे इंजिन गोठ्यात ट्रकच्या टायरवर, ताडपत्रीखाली, आणि त्यावर कोंबडी बसलेली.

डोमाला विचारले तर म्हणाला, "मी पान्हा धरतो, जी. मालक कोण ते तुम्ही घरात ठरवा."

केवळराम म्हणाला, "तू दवाखान्यात, गाडी उभी. मी चिखल्याच्या लोकांची ने-आण धरली. आता कमावते तरी."

दुसऱ्या दिवशी निर्मला, म्हणजे आता वहिनी, त्या जीपमध्ये समोर बसून बाजाराला गेल्या. डिझेल दणदणत होते. त्यांनी कान झाकले नाहीत. माझे शेत गेले, झडप गेली, त्याचे एवढे वाटले नव्हते.

आता रद्द करण्याचे कारण. पोळ्याच्या मृत्युपत्रात सगळे निर्मलावहिनींच्या नावाने होते. मला वाटत होते, बापाने एका इंजिनाच्या पायी तिला चुकीच्या खाटेवर बसवले. ती मनातल्या मनात माझ्या बाजूची आहे. गेल्या आठवड्यात वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. घरात कोणी नव्हते.

मी म्हटले, "वहिनी, एक विचारू?"

"विचारा ना, भाऊजी."

"मी पेट्रोल घेतलं म्हणून बाबानं तुमचं लग्न फिरवलं, ते तुमच्या मनाविरुद्ध होतं ना?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून फेकला. "इंजिनाच्या पायी कोण पोरगी देते नं कोण अडवते? तुमच्या दादानं नागपूरले जायच्या आधीच बाबाले सांगितलं होतं तुमच्या छातीचं. आता बाबा तोंडावर कसं म्हणतील, पोरगा जास्त दिवसाचा नाही म्हणून? गाडीचं निमित्त भेटलं. तुम्ही डिझेल घेतलं असतं तं दुसरं काही काढलं असतं."

"नं तुम्हाले कवा कळलं?"

"मलेच तं विचारलं बाबानं. दोघंही चांगले हायेत, म्हणे, पण धाकट्याचं असं असं हाये. मी म्हटलं, मग थोरला."

"तुम्हाले डिझेलचा आवाज सहन होत नव्हता."

"कायचा आवाज?" त्यांना आठवतच नव्हते. मग म्हणाल्या, "सवय होते, भाऊजी. तुम्ही रागावू नका. वेल्लोरले जाऊन या. चांगले झाले तं तुमच्यासाठीही पाहू एखादी. फार शिकलेली नको, निभावून घेणारी."

त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. वाईट मनाने बोलल्या असत्या तर मी सगळे त्यांच्याच नावाने ठेवले असते.

म्हणून जीपची व्यवस्था अशी:

डिझेलचे इंजिन केवळरामाचे आहे. मला चोराचा माल नको. ते काढून त्याच्या ओसरीवर, त्या दोघांच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवावे. त्याला फार आवडते, तर रोज बघावे.

पेट्रोलचे इंजिन डोमाने पुन्हा गाडीत बसवावे. त्यासाठी माझी पान्ह्यांची पेटी त्याला दिली आहे. काढताना त्याने मालक कोण हे विचारले नाही, बसवतानाही विचारू नये.

मग ती जीप, पडदे, पंखा, कॅसेटच्या मशीनसकट, मधुकररावांना द्यावी. चिखल्याच्या कॉलनीत त्यांच्या क्वार्टरसमोर नेऊन उभी करावी. त्यांनी ती विकू नये, कोणाला देऊ नये, इंजिन बदलू नये. फुकटची वस्तू परत करायला त्यांचा हात धजणार नाही आणि टाकी भरायलाही धजणार नाही. येणारा-जाणारा प्रत्येक मजूर विचारील, "बाबूजी, गाडी काहून उभी?" पोरगी पंपावर उभी राहील या काळजीने ज्यांनी थोरला निवडला, त्यांनी आता स्वतः पंपावर उभे राहावे. मात्र नाकारलीच, तर त्यांच्याच दारात भंगारवाल्याकडून तिचे तुकडे करावेत, आणि निर्मलावहिनींना तेव्हा माहेरी बोलवावे.

निर्मलावहिनींना काही नाही. कॅसेटही नाही, रिकामे खोकेही नाही. माझ्यासाठी एखादी पाहायचे त्यांनी कबूल केले होते. ते काम त्यांच्या डोक्यावरून उतरले असे समजावे.

कलम पाच. माझे प्रेत त्या डिझेल गाडीतून आणू नये, आणि केवळरामाने खांदा देऊ नये. वडिलांच्या ट्रकमधून आणावे, मँगनीजच्या ढिगावर टाकून आणले तरी चालेल. काळी धूळ लागेल; आमच्या घरात ती सगळ्यांना लागलेली आहे. माझ्या छातीचे दादाने कोणाकोणाला सांगितले, ते त्या दिवशी बायांमध्ये बसलेल्या आईला कळू नये. तोही तिच्या पोटचा आहे.

हा कागद मी भैयाजींना वाचून दाखवला. भैयाजी आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "गुलाब, मृत्युपत्रात शिव्या नसते लिहीत."

मी म्हणालो, "गुरुजी, शिवी एकही नाही. सगळी नावंच हायेत."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "नं वापस आला तं? बहुतेक येतेत म्हणतेत ना?"

हे लिहायचे राहिलेच होते. परत आलो तर हा कागद आपोआप रद्द. मधुकररावांना जीप नाही, दादाच्या ओसरीवर इंजिन नाही, आईला शेत नाही, कोणालाच काही नाही. मी याच घरात राहीन. माझ्यासाठी पाहिलेली प्रत्येक पोरगी नाकारीन. रोज दोन्ही वेळा दादाच्या शेजारी पाट मांडून बसेन आणि निर्मलावहिनी मला वाढतील. त्या जिवंत मला बघतील, आज, उद्या, त्यांचे केस पिकेपर्यंत. मेलो तर वरच्या पाच कलमांत ते सुटतात.

हे मी शुद्धीवर लिहिले, वाचले आणि यातला एकही शब्द खोडायचा नाही असे ठरवून खाली सही केली.

गुलाब तेजराम लांजेवार
(सही)

मुक्काम तुमसर, जिल्हा भंडारा
गुरुवार, १८ ऑक्टोबर १९८४

गुलाबने आमच्यादेखत सही केली व त्याच्यादेखत आम्ही केली:

१. भैयाजी सीताराम हटवार, निवृत्त हेडमास्तर, तुमसर (सही). मजकुराशी सहमत नाही. सही खरी आहे.

२. डोमा मेश्राम, मिस्त्री, तुमसर (सही). इंजिन बसवून देईन. पोराने परत यावे.