डाव्या हाताचा घास

नांदेड, मंगळवार

प्रियदर्शनीस जयभीम,

मी बरा हाय, काळजी करू नको. पाय आता थोडा उचलतो.

इथले डॉक्टर लकवा झालेल्यांवर अभ्यास करून राहिलेत, त्यात माझं नाव घेतलंय. रोज सहा तास चांगला उजवा हात जाड हातमोज्यात बांधून ठेवतात, म्हणजे लुळा डावा हात कामाला लागावा. जेवायचंही डाव्यानंच. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत येईस्तोवर दोनदा पडतो. त्याचं आता काही वाटत न्हाई, रागही येत न्हाई.

तुझा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

बुद्धप्रिया डाव्या हातानं जेवायची म्हणून मी पोरीला लई मारलं. आता तिला तसंच जेवू दे. मी आलो की माझं ताट तिच्याच शेजारी वाढ. घास कसा धरती, ते बघायचंय.

तुझा
अश्वजित