हेडमास्तरांच्या अंगावरचे ठिपके

५ मार्च, गुरुवार

झालं! हेडमास्तरांच्या अंगावर पांढरे ठिपके. मीठ भुरभुरल्यासारखे. शेपटीपासून डोळ्यांपर्यंत.

या घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेला हा मासा. काळा, चपटा, कायम रागावलेला, म्हणून हेडमास्तर. बाईसाहेबांच्या बाबांनी आणलेला. बाबा गेले, हेडमास्तर राहिले. मग वर्षापूर्वी तिच्या आईशी लग्न करून मी आलो. वय वर्षं दहाच्या बाईसाहेबांनी हेडमास्तरांची आणि माझी तुलना करून पाहिली असणार. निकाल मला माहीत आहे.

आणि हे ठिपके कुणी आणले? मीच! तिला खूश करायला गेल्या आठवड्यात केशरी मॉली माशांची जोडी आणली. दुकानदार म्हणाला होता, "आधी काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा." हो हो म्हटलं आणि घरी येऊन थेट टाकीत सोडली, कारण मला तिचा चेहरा लगेच बघायचा होता. बघायला मिळाला. म्हणाली, "नवीन मासे थेट सोडायचे नसतात."

सोडायचे नसतात! वाक्यात मी नाहीच. वर्ष होत आलं, या मुलीनं मला अजून कुठल्याच नावानं हाक मारलेली नाही. "पाणी संपलंय." "दार उघडं राहिलंय." अगदीच नाइलाज झाला तर "तुम्ही", तेही मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं. कर्त्याशिवाय वाक्य करण्यात ही पोरगी जिल्ह्यात पहिली येईल.

६ मार्च, शुक्रवार

वीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. माशाच्या पुरळाला मी काय भिणार! निळं औषध आणलं, पाणी थोडं कोमट केलं, डोस मोजून टाकला. टाकीची शाईची दौत झाली. 

मग बाईसाहेबांसमोर छोटंसं भाषण ठोकलं. या ठिपक्यांचा किडा माशाच्या अंगात शिरलेला असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. तो पिकून गळतो, तळाशी बसतो, एकाचे शेकडो होतात आणि नवीन मासा शोधत पोहायला लागतात. तेव्हाच तो सापडतो. "म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नाही. कोर्स पूर्ण करायचा!" हे वाक्य मी दुकानात इतक्यांदा म्हणतो की झोपेतही म्हणतो, असं हिचं, म्हणजे बाईसाहेबांच्या आईचं, म्हणणं.

बाईसाहेबांनी ऐकून घेतलं. जांभई दिली नाही. मी हवेत.

७ मार्च, शनिवार

सकाळी पाणी काचेसारखं स्वच्छ! औषध कामाला लागलं म्हणायचं. पुन्हा टाकलं.

१० मार्च, मंगळवार

ठिपके गायब!! ही म्हणाली, "चला, तुझं शिक्षण कुठेतरी कामी आलं." दिवसभर दुकानात छाती काढून बसलो. औषध चालूच. पाणीही रोज सकाळी लख्ख.

१३ मार्च, शुक्रवार

ठिपके परत. दुप्पट. एक छोटा निऑन मासा गेला.

बाईसाहेबांनी त्याला कुंडीत पुरलं. मला बोलावलं नाही. मी गॅलरीच्या दारात उभा राहिलो, हातात चमचा घेऊन. चमचा कशाला, देव जाणे.

माशांच्या दुकानदाराला फोन केला. "डोस वाढवा," म्हणाला. वाढवला.

मॉलीची जोडी मात्र ठणठणीत. माझ्यासारखीच निर्लज्ज.

१६ मार्च, सोमवार

हेडमास्तर कोपऱ्यात कलंडलेत. कल्ले भराभर हलतायत. खात नाहीत. बाईसाहेब शाळेत गेली नाही, टाकीसमोर स्टूल टाकून बसली. आई ओरडली नाही. मी तर काय ओरडणार.

मला भीती वाटतेय. नुसता मासा मेला असता तर रडून झालं असतं. पण तिच्या बाबांनी आणलेला मासा मी आणलेल्या माशांमुळे मेला, असं होईल. हे कुठल्या औषधानं जाणार? आणि खरं बघायला गेलं तर भरल्या टाकीत, वेगळ्या भांड्यात न ठेवता, थेट सोडलेला मीच की!

संध्याकाळी डोस टाकत होतो. तिनं टाकीवरची नजर न काढता विचारलं, "निळं कुठे जातं?"

"काय?"

"रोज टाकतात ते निळं. सकाळी नसतं. कुठे जातं?"

उत्तर शोधायला फिल्टरचं झाकण उघडलं.

कोळसा!! फिल्टरमधली कोळशाची पिशवी! पाणी स्वच्छ ठेवायला असते ती. आणि कोळसा औषध शोषून घेतो, हे मला कुणी शिकवायला नको. पोटातल्या गॅसवर कोळशाच्या गोळ्या देताना मीच बजावतो, "दुसऱ्या औषधाबरोबर घेऊ नका हं, सगळं शोषलं जातं." पाठ आहे मला! तरी रोज मी ओततोय, कोळसा पितोय, आणि स्वच्छ पाणी बघून मी स्वतःचीच पाठ थोपटतोय. सध्या या घरात सर्वांत निरोगी कोण असेल, तर तो कोळसा.

लपवता आलं असतं. नाही लपवलं. पिशवी काढून तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "हा कोळसा निळं पीत होता. चूक माझी."

तिनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "औषधांचंच दुकान आहे ना?"

याही वाक्यात मी नव्हतो. पण झोंबलं बरोब्बर मलाच.

१७ मार्च, मंगळवार

पाणी निळं आहे! सकाळीही निळं! इतकं घाणेरडं पाणी बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल.

१९ मार्च, गुरुवार

हेडमास्तरांनी एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. गिळला!

तळातला गाळ आम्ही दोघं नळीनं ओढतो. नळी तिच्याकडे, बादली माझ्याकडे. फरशीवर तळं. "बादली सरळ धरायची असते." धरली.

२३ मार्च, सोमवार

ठिपके नाहीत. हेडमास्तर मॉलीच्या मागे धावून तिला शिस्त लावतायत. कोर्स चालू.

२६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी डोस टाकायला घरी जायचंच विसरलो. दुकानात ऐन गर्दीत घरून फोन. हिचा असेल म्हणून उचलला.

"अरे गाढवा, आजचं औषध कोण टाकणार? कोर्स पूर्ण करायचा असतो, तूच म्हणालास ना!"

बाईसाहेबांनी फोन आपटला. 

अरे! तूच! समोरच्या आजोबांना खोकल्याच्या औषधाऐवजी मलम दिलं. त्यांनी विचारलं, "कोण हो, इतकं रागावलं?" म्हटलं, "मुलगी माझी."

उद्याही विसरावं का?