तुरीच्या खोडातले निळे धागे

नांदेड, रविवार

बाबांना जय भीम, आईला दोनदा जय भीम.

फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहून राहिले. विनोददादानं पाणी दिलं नाही म्हणून तूर वाळली, असं तुम्ही धरून बसलात.

निलंग्याच्या गाडीनं पाठवलेलं वाळलं खोड मिळालं. कॉलेजात ब्लेडनं त्याचे कागदाहून पातळ काप काढले, लाल अन् निळ्या रंगात बुडवले. मॅडम म्हणाल्या, "विळीवर शिकलीस का?" म्हटलं, हाव. बोटं लाल झालीत. आईला सांगा, रंग हाय, रक्त न्हाई. एक बोट बारकं कापलंय, तेवढंच.

सूक्ष्मदर्शकाखाली पाणी वर नेणाऱ्या नळ्या लाल दिसल्या, अन् त्यांच्यात निळे धागे गच्च भरलेले. लाल रंग झाडानं धरला, निळा बुरशीनं. हा मर रोग आहे, बाबा. मुळाशी ओल असूनही झाडाला पाणी ओढता येईना. दहा काप पाहिले, मॅडमनाही दाखवले. पक्कं सांगते.

ही बुरशी मातीत टिकते, म्हणून त्या तुकड्यात दोन-तीन वर्षं तूर नको, ज्वारी पेरा.

तुम्ही बोललात तेव्हापासून दादा अजून शेतातल्या आखाड्यावर, त्या खोपटातच जेवतो का? त्यानं पाणी दिलं होतं. त्याला घरी जेवायला बोलवा. आईला पाठवू नका, तुम्ही जा.

तुमचीच हट्टी,
धम्मप्रिया